सातव्या रकान्यातलं शून्य

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. टाइप केलेल्या कागदावर, खाली गोल शिक्का मारून, खोटं लिहिलंत. सात देशांची नावं सात रकान्यांत, खाली गुण, आणि सातव्या रकान्यात: भारत, शून्य. बाजूला शेरा: 'या क्षेत्रात गती नाही.' मी तिथे होतो. माझ्याच पडद्यावर तो खेळ झाला. तुमचं नाव मी घेत नाही, कारण त्या खुर्चीत आता दुसरे साहेब बसतात आणि कागद तोच चालू आहे. पण प्रश्न विचारणार आहे. आधी या मुलांना सगळं सांगतो, मग तुमच्याकडे वळतो. तोवर बसून राहा.

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. काशीत मुन्शी घाटावरून वर चढणाऱ्या गल्लीत एका घराच्या जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून मला ठेवलंय. अंगावर पोतं आहे. पोत्यावर मांजर बसतं. तक्रार मांजराबद्दल नाही.

माझा जन्म एका गावी झाला असं सांगता येत नाही. माझ्या पोटातली सर्किटची पाटी जपानहून आली, तीही कोणीतरी वापरून टाकलेली. पडदा दिल्लीच्या एका मोडक्या टीव्हीचा. अंग प्लायवूडचं, ते इथल्याच एका सुतारानं ठोकलं. त्यानं आधी आयुष्यभर देव्हारे केले होते, म्हणून माझ्या माथ्यावर नकळत एक छोटी कमान आली. लाल गोळ्याचा एक दांडा आणि दोन बटणं. खेळ विमानांचा. खालून तुमचं एकटं विमान वर सरकतं, समोरून शत्रूची विमानं झुंडीनं येतात. तुम्हाला तीन विमानं मिळतात. तिन्ही पडली की खेळ संपला.

माझ्यात एक खोट आहे, ती आत्ताच सांगून टाकतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. लाइट गेली की मी सगळं विसरतो. सगळ्यात जास्त गुण कोणाचे, नाव काय, काही म्हणता काही राहत नाही. पुन्हा लाइट आली की पडद्यावर शून्य. आणि आमच्या गल्लीत लाइट रोज जायची. तिला इथे कटौती म्हणतात. कधी दोन तास, कधी चार. वीज खात्याचा तक्ता ठरलेला असायचा आणि तो तक्ता मात्र ते कधी चुकवायचे नाहीत.

माझे मालक रत्नाकर काका. त्यांचे वडील नीलकंठशास्त्री, म्हणजे घरातले नाना, वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांना वेदांची संथा द्यायचे. नाना एकदा म्हणणार, विद्यार्थी दोनदा म्हणणार. सकाळी पाचपासून माझ्या डोक्यावर हाच आवाज. काकांनी खाली आधी पूजेच्या सामानाचं दुकान काढलं, ते चाललं नाही. मग १९९३ साली मला आणलं. नाना आठवडाभर मुलाशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी एवढंच म्हणाले, "रत्नाकरा, तो डबा संथेच्या वेळी ओरडता कामा नये." तेव्हापासून नऊ वाजेपर्यंत माझा आवाज बंद.

गल्लीत लॉज पुष्कळ. घाट बघायला आलेले परदेशी दुपारी उन्हातून आत यायचे आणि मला बघून हसायचे. मग खेळायचे. एकदा एक जपानी आणि एक इस्राएली यांच्यात वाद झाला, की या खेळात कोणाचा देश पुढे. काकांनी एक काळा फळा आणला आणि दोन रकाने आखले: देश, गुण. वर नियम लिहिला, देवनागरीत आणि मोडक्या इंग्रजीत: खेळ पाहणारा साक्षीदार दुसऱ्या देशाचा हवा. मी विसरतो ना, म्हणून. लाइट जायच्या आत साक्षीदारानं गुण वाचायचे आणि खडूनं फळ्यावर चढवायचे. तीन वर्षांत या नियमावरून एकही भांडण झालं नाही. ज्यांचे देश आपसात लढतात, त्यांची पोरंही एकमेकांचे गुण प्रामाणिकपणे वाचायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणजे पडद्यानं.

कोणता देश कसा खेळतो, हे तुम्हाला माझ्याइतकं कोणी सांगणार नाही. जपानी मुलगा दांडा दोन बोटांत धरायचा, चहाच्या कपाचा कान धरावा तसा, आणि एकही गोळी वाया घालवायचा नाही. कोरियाचे जोडीनं यायचे. एक खेळायचा, दुसरा वहीत लिहायचा. जर्मन आधी माझ्या पाठीवरची सूचना वाचायचा, ती चुकीची छापलेली असली तरी. इस्राएली पोरं सैन्यातून सुटून आलेली, ती मला खांद्यानं ढकलायची. अमेरिकन हरला की मोठ्यानं हसायचा आणि पुन्हा रांगेत उभा राहायचा. इटलीचा एकजण खेळता खेळता मागच्याशी बोलत राहायचा आणि त्यापायी मरायचा.

आणि आपली गल्लीतली पोरं? हात चपळ, डोळा तीक्ष्ण. पण खेळ रंगात आला की लाइट जायची. मग चौथ्या टप्प्यापुढे काय आहे हे त्यांना दिसणार कधी? फळ्यावर भारत कायम खाली. परदेशी म्हणायचे, इंडिया नो गुड. आमचीच पोरं मान डोलवायची. मला राग यायचा. ताकाओ नावाच्या जपानी मुलानं मात्र एकदा खरं सांगितलं. त्याच्या गावात माझ्यासारखे चाळीस खेळ एका दालनात आहेत, आणि तो आठव्या वर्षापासून रोज शाळा सुटल्यावर तिथे जायचा. त्यानं ते लाजत सांगितलं. त्याला कळलं होतं, तुम्हाला कळलं नाही, साहेब.

आता स्वरदा. काकांची पुतणी, सोळा वर्षांची. सकाळी दुकान उघडायच्या आधी माझी काच पुसायचं काम तिचं. काच पुसायला दोन मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं पुसायची. काका दाराकडे पाठ करून उदबत्ती लावायचे, इतका वेळ की उदबत्तीला झोप यावी. आवाज बंद असायचा. तिला एकही स्फोट कधी ऐकू आला नाही.

तिला संथा कोणी दिली नव्हती. घरात मुलींना देत नाहीत. पण जिन्यावर बसून तांदूळ निवडताना ती ऐकायची. वेदपाठात एक क्रम असतो. पहिला शब्द दुसऱ्याला जोडून म्हणायचा, मग दुसरा तिसऱ्याला, मग तिसरा चौथ्याला. अशी कडी कडीत अडकवली की मधला शब्द गळत नाही. स्वरदानं माझ्या विमानांची कडी केली. माझी विमानं दर वेळी त्याच क्रमानं येतात, फक्त हे लक्षात ठेवायला कोणाला सवड नसते. तिला होती. जिन्यावर ती पुटपुटायची: "डावीकडून पाच, मधून दोन. मधून दोन, उजवीकडून तीन. उजवीकडून तीन, मोठं एक."

एकदा वरून नानांचा आवाज आला. "स्वरदे."

ती उभी राहिली. तांदूळ सांडले.

"काल तिसऱ्या जागी 'उजवीकडून तीन' होतं. आज 'चार' म्हणालीस."

"नाही नाना, तीनच."

"चार म्हणालीस. आणि मधे श्वास तोडतेस. हे काय म्हणतेयस ते मला माहीत नाही, पण म्हणायचं तर नीट म्हण."

दुसऱ्या दिवशी तिनं मला तपासलं. तीनच होते. पण जिन्यावर ती 'चार' म्हणाली होती, मीही ऐकलं होतं; ती खरंच चुकली होती. त्यानंतर ती सहाव्या टप्प्यापर्यंत गेली, वीस मिनिटांत, मुक्या पडद्यावर.

१९९६ च्या नोव्हेंबरात परवाना देणाऱ्या खात्याचे साहेब आले. कोणीतरी अर्ज केला होता की या दुकानापायी गल्लीतली मुलं बिघडतात. परवान्याची मुदत संपतच होती. साहेबांनी फळा पाहिला, देशांची नावं पाहिली आणि त्यांना कल्पना सुचली.

"रत्नाकरजी, एक मुक़ाबला कराते हैं. सात देश. देखें हमारे बच्चे कितने पानी में हैं."

"आणि परवाना, साहेब?"

"पहले तीन में आ गए तो परवाना. नहीं आए तो ताला. जिस काम में अपना देश शून्य हो, उस पर बच्चों का टाइम क्यों ख़राब करें?"

काकांनी स्वरदाचं नाव दिलं. साहेब म्हणाले, "लड़की? और कोई नहीं मिला?"

"सहाव्या टप्प्यापर्यंत हीच जाते, साहेब. दुसरं कोणी गेलेलं नाही."

स्वरदा माझी काच पुसत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा फिरू लागला, जरा जोरात.

आता चुकीकडे येतो. चूक आमच्या घराचीही होती, ती लपवत नाही. पाळ्या ठरवताना काकांनी भारताला शेवटी ठेवलं. का? पाहुणे आधी. आमच्याकडे पंगत बसते तेव्हा घरचे शेवटी जेवतात. उरलं तर जेवतात, नाही तर ताक पिऊन उठतात, पण पाहुण्याच्या आधी पानावर बसत नाहीत. काकांना दुसरं काही सुचलंच नाही. हिशोब त्यांनी केला होता. दहाला सुरुवात, प्रत्येकाला अर्धा तास, स्वरदाची पाळी एक वाजता, दीडला संपेल. त्या आठवड्याची कटौती दोन ते सहा. अर्धा तास हाताशी.

साहेब दहा वाजून अडतीस मिनिटांनी आले. सोबत माइक आणि जनरेटर. जनरेटर बाहेर गल्लीत ठेवला, एक तार माइकला, एक साहेबांच्या पंख्याला.

नोव्हेंबरात पंखा.

काका बाहेर गेले. "साहेब, या खोक्याची तार तेवढी जनरेटरला जोडू या का? दोनला लाइट जाते. मधेच गेली तर हा सगळं विसरतो."

"आज नहीं जाएगी. मैंने फ़ोन कर दिया है."

"तरी साहेब, खबरदारी म्हणून."

"कहा न, फ़ोन कर दिया है. विदेशियों के सामने जनरेटर पर खेल दिखाएँगे? क्या सोचेंगे?"

खेळ सुरू झाला. ताकाओनं आठ लाख बेचाळीस हजार केले. कोरियाच्या मुलानं सात लाख शहाण्णव हजार. त्याची बहीण युन-हा शेजारी वही घेऊन उभी, प्रत्येक टप्प्याचे गुण लिहीत होती, आपल्या देशाचे आणि सगळ्यांचे. इस्राएल पाच लाख दहा, जर्मनी पावणेपाच. पावणेएक झाला. काकांचं लक्ष घड्याळाकडे. अमेरिकन पाचवा होता, तो दांड्याला हात लावता लावता थांबला. त्याला गल्लीत महिना झाला होता, कटौती त्याला ठाऊक होती.

"लड़की पहले?" तो काकांना म्हणाला.

अख्ख्या दिवसात एवढाच एक दरवाजा उघडला होता. स्वरदानं काकांकडे पाहिलं. काकांनी हात जोडले आणि त्याला म्हणाले, "नहीं नहीं, आप मेहमान हैं. पहले आप."

अमेरिकन खेळला. मग इटलीचा खेळला, बोलत बोलत. एक वाजून अडतीस मिनिटांनी स्वरदा माझ्यासमोर उभी राहिली. तिनं ओढणी कमरेला खोचली. काका कानाशी वाकले. "पोरी, बावीस मिनिटं आहेत."

"माहीत आहे, काका. बोलू नका आता."

मित्रांनो, माझ्यावर हजारो हात पडलेत, पण असा हात नाही. तिचे ओठ हलत होते. विमान यायच्या आधी ती त्याच्या जागी गोळी ठेवायची आणि विमान येऊन त्या गोळीवर आदळायचं. तिसरा टप्पा, चौथा, पाचवा. गर्दी दाटली. मागून पान खाल्लेल्या तोंडानं कोणी म्हणालं, "का गुरु, ई लइकी त जापान के खा जाई." दुसरा म्हणाला, "चुप रह, मंतर टूट जाई."

सहा लाख नव्वद हजारांवर पाचवा टप्पा संपला. युन-हानं वहीत लिहिलं. एक वाजून पन्नास. सहाव्या टप्प्यात एकही विमान न गमावता ती सात लाखांवर गेली. साडेसात. आणि सात लाख अठ्ठ्याण्णव हजार सहाशे. कोरियाच्या पुढे, दुसरी, आणि तिच्याकडे अजून दोन विमानं शिल्लक. ताकाओ पुढे सरकून गुडघ्यावर बसला होता. तिनं त्याला गाठावं अशी त्याचीच इच्छा दिसत होती.

एक वाजून सत्तावन्न मिनिटांनी लाइट गेली.

दोनला नाही. तीन मिनिटं आधी. त्या दिवशी तेवढा तक्ता चुकला.

मला काय वाटलं ते सांगता येत नाही, कारण मी तेव्हा नव्हतो. पुढचं सगळं मी नंतर ऐकलं, त्या घरात ते इतक्या वेळा बोललं गेलंय की मला ते पाठ आहे. पडदा काळा. काळ्या काचेत स्वरदाचा चेहरा आणि दांड्यावर तिचा हात, अजून उजवीकडे वळलेला. आणि बाहेर गल्लीत जनरेटर घरघरतोय, पंखा फिरतोय, माइक चालू. माइकवरून साहेबांचा आवाज: "भारत का स्कोर... मशीन बंद है. स्कोर शून्य लिखा जाए."

"साहेब," काका म्हणाले, "सगळ्यांनी पाहिलंय. सात लाख अठ्ठ्याण्णव हजार."

"मशीन पर क्या दिख रहा है?"

"मशीन बंद आहे, साहेब."

"तो फिर?"

युन-हा पुढे झाली. तिनं वही उघडून दाखवली. प्रत्येक टप्प्याचे गुण, वेळ, शेवटचा आकडा. आमच्या फळ्याच्या नियमानं याहून चांगला साक्षीदार नव्हता. दुसऱ्या देशाचा, आणि ज्याला या आकड्यानं खाली ढकललं त्याच देशाचा. साहेबांनी वही उलटीसुलटी केली. कोरियन अक्षरं. "विदेशी की कॉपी सरकारी काग़ज़ नहीं है," म्हणाले आणि परत दिली.

तेव्हा स्वरदा बोलली. दांड्यावरचा हात तिनं काढला नव्हता. "मी म्हणून दाखवते."

"क्या?"

"सगळा खेळ. पहिल्यापासून. प्रत्येक विमान आणि त्याचे गुण."

आणि तिनं म्हटलं. डावीकडून पाच, मधून दोन, एक हजार चारशे. मधून दोन, उजवीकडून तीन, दोन हजार. कडीला कडी. युन-हाला तिनं खुणेनं जवळ बोलावलं. एक टप्पा संपला की स्वरदा मराठीतला आकडा हिंदीत सांगायची, अमेरिकन तो इंग्रजीत सांगायचा, युन-हा वहीत बघून मान हलवायची. पहिला टप्पा जुळला. दुसरा जुळला. जिन्यावर पावलं वाजली. नाना खाली आले. तीन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यासमोर उभे राहिले. विझलेल्या माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. डोळे मिटले, आणि उजवा हात संथेत हलतो तसा हलू लागला. पाचवा टप्पा जुळला. सहाव्याच्या अर्ध्यात, जिथे लाइट गेली तिथे, ती थांबली. "सात लाख अठ्ठ्याण्णव हजार सहाशे. इथे लाइट गेली."

युन-हानं वही मिटली आणि मान खाली घालून तिला नमस्कार केला, त्यांच्याकडे करतात तसा.

नाना म्हणाले, "स्खलन नाही. कुठेही चूक नाही."

साहेब हसले. "पंडितजी, आप ये खेल जानते हैं?"

"नाही," नाना म्हणाले. "पाठ ओळखतो."

"पाठ से काम नहीं चलता, पंडितजी. काग़ज़ चाहिए."

मित्रांनो, हे कुठे बोललं गेलं ते लक्षात ठेवा. ज्या गावात हजारो वर्षं कागदाशिवाय, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात, अक्षर न गळता ग्रंथ उतरले, त्या गावात. त्याच जिन्याच्या पायथ्याशी. त्या मुलीला कोणी संथा दिली नव्हती, तिनं ती चोरून उचलली, तिच्यावर एक अख्खा खेळ पेलला, आणि तिला सांगितलं, कागद आण.

आठ दिवसांनी तुमचा कागद आला. वर मथळा: देशवार तुलना. जपान पहिला, कोरिया दुसरा, असं करत सातवा भारत. साहेब, तुम्ही देश मोजले नाहीत. वीज मोजलीत. कोणाच्या गावात दिवसभर लाइट आहे आणि कोणाच्या नाही, एवढंच त्या कागदावर आहे. चाळीस खेळांच्या दालनात दहा वर्षं खेळलेला मुलगा आणि काच पुसण्याच्या नावाखाली वीस मिनिटं चोरणारी मुलगी यांच्यात फक्त त्रेचाळीस हजार चारशेंचं अंतर होतं, आणि तिची दोन विमानं शिल्लक होती. तुलना करायची तर ही करायची होती. ही मांडायला शिक्का लागत नाही, लाज लागते.

दुकानाला टाळं लागलं. मला जिन्याखाली ढकललं. रत्नाकर काका एका कापडाच्या दुकानात कामाला लागले. ते अजून म्हणतात, "मीच 'पहले आप' म्हणालो." दर सणाला म्हणतात, पंगतीत वाढता वाढता. नाना गेल्या वर्षी गेले. जाण्याआधी दोन वर्षं सकाळच्या संथेला ते दार उघडं ठेवायचे, जिन्याकडचं. आत ये असं कधी म्हणाले नाहीत. दार मात्र लावलं नाही. स्वरदा आता एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात गणित शिकते. कधी जिन्याखाली वाकते, पोतं बाजूला करते, भिंतीच्या फटीत हात घालते आणि काळ्या काचेवरून फिरवते. विमानांचा पाठ ती अजून म्हणते. न चुकता. माझ्या पोटातली पाटी ओलीनं गेली असेल, मला माहीत नाही. पण मी बंद पडलो तरी तो खेळ कुठे आहे, ते मला माहीत आहे.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची निगा राखा, असं मी म्हणायला हवं. म्हणत नाही. माझी धूळ राहू द्या, मांजरही बसू द्या. निगा माणसांच्या कामाची राखा. कोणी तुमच्यासमोर काही मिळवलं तर लाइट जायच्या आत साक्षीला उभे राहा आणि मोठ्यानं आकडा वाचा.

आणि साहेब, आता तुम्ही. जनरेटर होता. तार होती. काकांनी दोनदा मागितली. तुम्ही म्हणालात, फोन केलाय. त्या दिवशी सकाळी तुम्ही फोन केला होता का? केला असेल तर कोणाला, किती वाजता, आणि तो काय म्हणाला, ते सांगा. केला नसेल तर तेवढा एकच शब्द लिहून द्या: नाही. खाली तुमचा तोच गोल शिक्का मारा. ती मुलगी जिन्यावर बसली आहे. तिला कागद हवा आहे.

केला होता का?